प्रस्तावना : पांढरं जाण्याची तक्रार आणि तिची तपासणी

स्त्रीरोगाच्या ओपीडीत ही तक्रार रोज येते, पण सहसा ती पहिली सांगितली जात नाही. आधी कंबर येते, मग थकवा, मग डोळ्यांपुढे येणारी अंधारी. रक्त तपासायचं ठरतं, लोहाच्या गोळ्या लिहून होतात, बाई खुर्चीवरून उठते, पदर सावरते आणि दाराकडे वळता वळता म्हणते, "मॅडम, अजून एक होतं. अंगावरून पांढरं जातंय." किती दिवस, असं विचारलं की उत्तर येतं, "झालं की वर्ष-दीड वर्ष." बाहेर रांग असते. बहुतेक ठिकाणी डॉक्टर जागचे न उठता कागदावर आणखी एक ओळ वाढवतात आणि बाई औषधाच्या दुकानाकडे जाते.

हे पुस्तक त्या एका ओळीबद्दल आहे. ती लिहिण्याआधी काय विचारावं, काय डोळ्यांनी पाहावं, काचपट्टीवर काय घ्यावं, आणि कधी काहीच न लिहिता बाईला नीट समजावून घरी पाठवावं, हे सांगण्यासाठी ते लिहिलं आहे. वाचक म्हणून आमच्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या गावातले कुटुंबवैद्य आहेत, उपकेंद्रातल्या सिस्टर आहेत, आशाताई आहेत. आणि ज्यांना हा त्रास आहे त्या स्त्रियाही आहेत. म्हणून शक्य तिथे भाषा सोपी ठेवली आहे, पण औषधांची मात्रा आणि तपासणीची पद्धत यांत कुठेही मोघमपणा ठेवलेला नाही.

त्या वाढवलेल्या ओळीत हल्ली बहुधा तयार किट असतं. फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल एकाच पाकिटात. बुरशी असो, जिवाणू असोत वा परजीवी, कुणीतरी मरेलच, हा त्यामागचा हिशेब. लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत मुळात वाईट हेतूने आलेली नाही. जिथे प्रयोगशाळा नाही आणि बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे त्याच भेटीत औषध मिळावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती पुढे आणली. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची रंगीत किटं त्याच विचाराची. त्यातलं दोन नंबरचं हिरवं किट योनिस्रावासाठी आहे : सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येत असेल तर ही पद्धत चांगली चालते, कारण तिथे कारणं मोजकी असतात. योनिस्रावाच्या बाबतीत ती अडखळते, कारण अंगावरून जाणारं बरंचसं पाणी लैंगिक संसर्गातून आलेलंच नसतं. साधी बुरशी असलेल्या बाईला "नवऱ्यालाही गोळ्या द्या" असं सांगून पाठवलं, तर त्या घरात त्या रात्री काय होतं, याचा विचार कागद लिहिणाऱ्याने केलेला नसतो. संशयाचं ते ओझं पुढे कितीतरी दिवस तीच वाहते.

या विषयाकडे जगाचं लक्ष वेधणारं काम महाराष्ट्रातच झालं आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. यातले निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. याआधी स्त्रीरोग तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. मला मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ५५ टक्के स्त्रियांना तक्रार होती, उरलेल्या ४५ टक्के स्त्रियांना काहीही तक्रार नव्हती. म्हणजे तक्रार नसलेल्या बहुतेक जणींच्या अंगातही आजार होताच.

याच्या शेजारी गोव्यातला अभ्यास ठेवून पाहावा. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गावांमधल्या स्त्रियांची पाहणी केली. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अंगावरून जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रिया आणि प्रत्यक्षात संसर्ग सापडलेल्या स्त्रिया यांची यादी जुळत नव्हती. तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीशी, अंगदुखी आणि थकव्याशी अधिक घट्ट होता. एकीकडे आजार आहे पण तक्रार नाही, दुसरीकडे तक्रार आहे पण जंतू नाही. हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्यावर नुसतं ऐकून गोळी लिहिण्याला कुठलाच आधार उरत नाही. जिच्या घरात मारहाण आहे, जिची झोप उडाली आहे, तिला तिसऱ्यांदा किट देऊन तिचं पांढरं जाणं थांबत नाही. "घरी कसं चाललंय?" हा प्रश्न म्हणूनच आम्ही तपासणीच्या प्रकरणात घेतला आहे, समुपदेशनाच्या परिशिष्टात ढकललेला नाही.

निरोगी योनीत ओल असते, स्राव असतो, आणि जंतूही असतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली ज्या दंडाकार जिवाणूंचं वर्णन केलं, ते लॅक्टोबॅसिलस कुळातले. विरजणातले जिवाणू दूध आंबट करतात, तसे हे योनीतल्या पेशींमधल्या ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे तिथला पीएच ३.८ ते ४.५ यांच्या दरम्यान राहतो आणि बाहेरचे बरेचसे जंतू तिथे तग धरत नाहीत. पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं ते इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे. म्हणून पाळी येण्याआधीच्या मुलीची योनी, तिशीतल्या बाईची आणि साठीतल्या आजींची योनी या तीन वेगळ्या जागा समजाव्यात. एकीचं औषध दुसरीला चालेलच असं नाही. पाळीच्या मध्यावर स्राव वाढतो, पातळ आणि तार येणारा होतो. गरोदरपणात तो आणखी वाढतो. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर तो आजार नाही. या स्रावातून अंगातली ताकद निघून जाते, हाडं झिजतात, ही भीती आजही घराघरांत आहे. ती काढायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांनी बऱ्या होणाऱ्या बायका कमी नाहीत.

आतून साबणाने किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने धुण्याबद्दल इथेच स्पष्ट लिहिते. योनी आतून धुवायची गरज नसते. धुतल्याने उपयोगी जिवाणू वाहून जातात आणि ज्या वासासाठी बाई धुते तोच वास वाढतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, एवढंच. जाहिरातींतल्या सुगंधी द्रव्यांना या पुस्तकात जागा नाही.

तपासणीला काय लागतं? स्पेक्युलम, उजेड, पीएचची कागदी पट्टी, सलाइनचा थेंब, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, दोन काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक. स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा. गर्भाशयमुखाजवळचा श्लेष्मा घेतला तर पीएच उगाच जास्त दिसतो. पाळीचं रक्त किंवा वीर्य असेल तरीही तसंच. पट्टीचा रंग ४.५ च्या वर गेला की बुरशी एकटी असण्याची शक्यता कमी होते, आणि बाकीच्या दोघांकडे, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनास हा परजीवी यांच्याकडे, पाहावं लागतं. मग सलाइनची पट्टी भिंगाखाली सरकवायची. एकदा पाहिलेलं ते दृश्य विसरायला होत नाही. निरोगी स्रावात योनीच्या पेशी मोठ्या, चपट्या, स्वच्छ कडांच्या असतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये याच पेशींवर बारीक जिवाणूंचा इतका थर बसतो की कड दिसेनाशी होते. या क्लू पेशी. ट्रायकोमोनास असेल तर पांढऱ्या पेशींच्या गर्दीत काहीतरी झटके देत हलताना दिसतं, शेपटासारखे तंतू वळवळतात. पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने यांनी १८३६ साली हा परजीवी पाहिला तो असाच, ताज्या स्रावात. पट्टी टेबलावर तशीच राहिली आणि थंड झाली की हालचाल मंदावते आणि तो ओळखू येत नाही. म्हणून "संध्याकाळी लॅबकडे पाठवू" असं म्हणून चालत नाही. ताजी पट्टी पाहूनही तो कितीतरी वेळा निसटतो, हेही लक्षात ठेवावं.

बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी १९८३ साली आम्सेल आणि सहकाऱ्यांनी चार खुणा मांडल्या : पातळ एकसारखा स्राव, ४.५ च्या वर पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा मासळीचा वास, आणि पाचातल्या एकीहून अधिक क्लू पेशी. चारपैकी तीन मिळाल्या की निदान झालं. मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. बहुतेकींना आराम पडतो. पण वर्षाच्या आत निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा होतो. नवऱ्याला औषध देऊन उपयोग नाही, असं आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जोडप्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पुरुषाला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिस्नावर लावायला क्लिंडामायसिनचं क्रीम सात दिवस दिलं. बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. पुस्तक जवळजवळ छपाईला तयार होतं. तरीही ते प्रकरण आम्ही थांबवून पुन्हा लिहिलं.

बुरशीबद्दल एक सावधगिरी. खाज म्हणजे बुरशी, हे समीकरण डॉक्टरांच्या डोक्यात आहे, दुकानदाराच्या आहे आणि बाईच्याही आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुकानातून स्वतःच बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना खरोखर बुरशीचा संसर्ग होता. आपल्याकडे दुकानात बहुधा नवरा किंवा मुलगा जातो, त्रास नीट सांगत नाही, आणि परत येतो ते स्टेरॉइड मिसळलेलं मलम घेऊन. ते लावलं की दोन दिवसांत खाज थांबते. म्हणून ते महिनोन्‌महिने लावलं जातं, आणि बाई आमच्यापर्यंत येते तेव्हा तिथली त्वचा लालभडक, पातळ झालेली असते, आणि बुरशी मांड्यांपर्यंत पसरलेली असते.

खरी बुरशी असेल तर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. गरोदर बाईला मात्र गोळी नाही, योनीत ठेवायचं क्लोट्रिमाझोलच, सात दिवस. वर्षात तीन किंवा अधिक वेळा झाली तर साखर तपासायची, आणि मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते पाहायचं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी साखर लघवीवाटे बाहेर टाकली जाते आणि तिथल्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. ही औषधं स्वस्त झाल्यापासून खूप लिहिली जातात, आणि हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी ती चांगलीही आहेत. पण लिहिताना "खालच्या बाजूला खाज सुटली तर लगेच या" एवढं वाक्य बहुतेक वेळा राहून जातं. फिजिशियन मित्रांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

ज्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक व्हावं म्हणून आग्रह धरला, ते संसर्गाचं नाहीच. पाळी गेलेल्या, साठी-सत्तरीच्या स्त्रिया येतात. रात्री खाजेने झोप येत नाही, लघवी करताना झोंबतं, आणि हे सुनेला कसं सांगायचं म्हणून चार-पाच वर्षं अंगावर काढलेलं असतं. पिशवीत बुरशीच्या मलमांच्या नळ्या असतात, अर्ध्या वापरलेल्या. टेबलावर घेऊन नुसतं पाहिलं तरी निदान समोर असतं : त्वचा पांढरी, कागदासारखी सुरकुतलेली, आतले ओठ झिजून बाजूच्या त्वचेत मिसळलेले, मधेमधे चिरा. हा लायकेन स्क्लेरोसस. हा जंतूंचा आजार नाही, कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही. त्यावर क्लोबेटासोलचं ०.०५ टक्के तीव्र स्टेरॉइड मलम लागतं, तेच स्टेरॉइड ज्याच्या गैरवापराबद्दल वर लिहिलं. इथे ते वाटाण्याएवढं, ठरल्या जागी, ठरल्या काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिल्या काही आठवड्यांत झोप परत येते. थोड्या स्त्रियांमध्ये या त्वचेत पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून दरवर्षी पाहायचं आणि जाड, न भरणारा भाग दिसला तर तुकडा तपासायला पाठवायचा. "मावशी, हे पाच मिनिटांत कळलं असतं हो," असं त्यांना सांगताना मला दरवेळी राग येतो, कारण त्या आधी तीन-चार ठिकाणी दाखवून आलेल्या असतात आणि एकाही ठिकाणी त्यांना टेबलावर घेतलेलं नसतं.

पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाचंही हेच. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ होतं, पीएच चढतो, आग होते, संबंध दुखरे होतात, लघवीचा संसर्ग वारंवार होतो. वर प्रतिजैविकांचे कोर्स चालू राहतात. इस्ट्रिऑलचं थोडंसं क्रीम योनीत लावून जे सुटतं, त्यासाठी बाई वर्षभर गोळ्या खाते.

न पाहता केलेल्या उपचाराची सगळ्यांत मोठी किंमत मराठवाड्यातल्या स्त्रियांनी मोजली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याचं पुढे आल्यावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. उचल घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापले जाणार, फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही. अशा बाईला पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, आणि कुणीतरी सांगितलं की पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. योनीतला संसर्ग पिशवी काढल्याने जात नाही. सोबत अंडाशयंही काढली, तर पस्तिशीतच तो कोरडेपणा आणि ती आग सुरू होते, ज्याबद्दल वर लिहिलं. पट्टी, थेंब आणि काच यांवर निभावलं असतं त्या तक्रारीसाठी तिथे कर्ज काढून ऑपरेशनं झाली. कर्करोगाची खरी शंका कधी घ्यायची तेही आम्ही ठळक लिहिलं आहे : संबंधांनंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, दुर्गंधी असलेलं पाण्यासारखं जाणं. या तिन्हींत गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाईला घरी सोडू नये, आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय पिशवी काढण्याची भाषा करू नये.

टेबलावर यायला बाई का कचरते, हे पुरुष डॉक्टरांनी आणि आम्हीही समजून घ्यायला हवं. पडदा नसतो, दार अर्धं उघडं असतं, आयाबाई आतबाहेर करते. स्पेक्युलम थंड असतं. काय करणार आहोत हे कुणी सांगत नाही. कोमट पाण्यात बुडवलेलं लहान मापाचं स्पेक्युलम, अंगावर चादर, सोबत तिच्या ओळखीची बाई, आणि "दुखलं तर सांगा, मी थांबते" हे वाक्य. एवढ्याने नकार बराच कमी होतो. तरीही नको म्हणाली तर तिचं ऐकावं. बोळा तिला स्वतःला पडद्याआड घ्यायला सांगितला तरी पीएच आणि काचपट्टी दोन्ही होतात. अविवाहित मुलींना स्पेक्युलम लावायचं नाही, लहान मुलींना तर नाहीच. त्यांच्यासाठी छोटं वेगळं प्रकरण आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतो. मलेरियाच्या आणि क्षयाच्या पट्ट्या त्यावर रोज पाहिल्या जातात आणि त्या पाहणारे तंत्रज्ञ त्या कामात तरबेज असतात. त्यांना क्लू पेशी आणि ट्रायकोमोनास ओळखायला शिकवणं अवघड नाही; पाचव्या प्रकरणातली चित्रं त्यांच्यासाठीच काढून घेतली आहेत आणि ती भिंतीवर लावता येतील अशा मापात शेवटी स्वतंत्र जोडली आहेत. औषधांच्या मात्रा प्रौढ, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. गरोदर आणि स्तनदा मातांसाठीचा तक्ता वेगळा आहे, तो पाहिल्याशिवाय गोळी लिहू नये. ज्यांना पूर्ण पुस्तक वाचायला सवड नाही त्यांनी पाचवं आणि नववं प्रकरण आधी वाचावं. नववं लायकेन स्क्लेरोससचं आहे, छायाचित्रांसह.